न्यूरोफीडबॅकचं पॅकेज विकण्याआधी

महाराष्ट्रातल्या मानसोपचारतज्ज्ञांना आणि न्यूरोफीडबॅक केंद्रांच्या चालकांना,

सप्रेम नमस्कार.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत अपघात, हल्ला, अत्याचार, दरड अशा कशातून तरी वाचलेली मोठी माणसं बरीच असतात. अलीकडे त्यांच्यातलं कुणी ना कुणी पहिल्याच भेटीत मोबाइल पुढे करतं आणि विचारतं, "मॅडम, हे करून बघू का?" पडद्यावर मेंदूची दोन चित्रं असतात. डावीकडचं लालबुंद, उपचारापूर्वीचं. उजवीकडचं निळं-हिरवं, उपचारानंतरचं. खाली न्यूरोफीडबॅकच्या सिटिंगचं पॅकेज, हप्त्यांची सोय आणि ठळक अक्षरांत पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार. केंद्र वेगळं असतं, चित्रं मात्र बहुतेक तीच.

'करू नका' म्हणून मोकळं होणं मला सोपं आहे, पण ते खरं उत्तर नाही. खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते पेशंटला देण्याआधी तुमच्याशी बोलायला हवं, कारण हे यंत्र आणणारे, त्याची शिफारस करणारे आणि त्याचे पैसे घेणारे तुम्ही आहात.

आधी एक घोळ निस्तरू. न्यूरोफीडबॅक या एका नावाखाली निदान तीन गोष्टी विकल्या जातात. पहिली, डोक्याला ईईजीची टोपी घालून मेंदूच्या लहरी मोजायच्या आणि त्या बदलायचा सराव करायचा. हे जुनं तंत्र आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांत हेच असतं. दुसरी, एमआरआयच्या बोगद्यात झोपवून मेंदूचा नेमका भाग चालू असताना पाहणं. तिसरी या दोन्हींच्या मधली, तिच्याविषयी पुढे लिहिते. जाहिरातीत चित्र दुसरीचं असतं, आधार तिसरीच्या अभ्यासाचा असतो आणि पेशंटच्या डोक्यावर चढते ती पहिलीची टोपी. हे तुम्हाला ठाऊक आहे. पेशंटला नाही.

बोगद्यात काय होतं ते पेशंटही वाचतील म्हणून थोडक्यात सांगते. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त धावतं आणि त्या रक्तामुळे चुंबकीय संकेतात बारीक फरक पडतो. सेइजी ओगावा यांनी हे १९९० साली दाखवलं आणि त्यावर एफएमआरआयचं, म्हणजे काम करणारा मेंदू दाखवणाऱ्या एमआरआयचं, सगळं शास्त्र उभं राहिलं. न्यूरोफीडबॅकमध्ये दर एक-दोन सेकंदांनी असं चित्र घेतात, संगणक त्यातून अमिग्डलाचा आकडा काढतो आणि पेशंटला तो पडद्यावर थर्मामीटरच्या पाऱ्यासारखा दिसतो. धोका ओळखून अंगाला इशारा देणारा हा भाग पीटीएसडीत अनेकांच्या बाबतीत जरा खुट्ट झालं तरी पेटतो. पेशंटला सांगितलेलं असतं की पारा खाली आण. कसा आणायचा ते बहुधा त्याचं त्यानेच शोधायचं. कुणी श्वास मोजेल, आपल्याकडचं कुणी मनाचे श्लोक म्हणेल. रक्ताची धाव पेशींच्या कामापेक्षा चार-सहा सेकंद मागे असते, त्यामुळे जो पारा दिसतो तो आत्ताचा नसून मघाचा असतो. भोवती शंभर डेसिबलच्या वरचा ठणठणाट असतो आणि डोकं जराही हलवायचं नसतं. अचानक आवाज झाला की दचकणाऱ्या, बंद जागेत जीव घाबरा होणाऱ्या माणसासाठी हा उपचार योजलेला आहे, हे जरा मनात ठेवा.

कल्पना मात्र सुंदर आहे, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. इतकी वर्षं आपण पेशंटला सांगत आलो की तुझी भीती तुझ्या ताब्यात येऊ शकते. इथे पहिल्यांदा ती भीती त्याच्यासमोर पाऱ्यासारखी चढते, उतरते. ज्याला आपण वेडे झालो की काय, असं वाटत असतं, त्याला ही शरीरात घडणारी गोष्ट आहे आणि ती हलते, एवढं दिसणंही थोडं नाही.

आता पुराव्याकडे येऊ. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या वेस्टर्न विद्यापीठात रूथ लेनियस यांचा गट या विषयावर बरीच वर्षं काम करतो आहे. अँड्र्यू निकोल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास तिथलाच. पीटीएसडीच्या दहा रुग्णांना त्यांच्या स्वतःच्या आघाताशी जोडलेले शब्द दाखवत अमिग्डला शांत करायला सांगितलं. त्यांना ते जमलं आणि मेंदूच्या पुढच्या, लगाम घालणाऱ्या भागाशी अमिग्डलाचं नातं वाढलेलंही दिसलं. रुग्ण दहा आणि तुलनेला दुसरा गट नाही. सुरुवात म्हणून उत्तम, पण ती सुरुवातच.

अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्सा इथे एका संशोधन संस्थेने युद्धावरून परतलेल्या माजी सैनिकांवर प्रयोग केला आणि त्यांना नेमकं उलटं करायला सांगितलं. आनंदाच्या आठवणी काढून डाव्या बाजूच्या अमिग्डलाचा पारा वर न्यायचा. त्यांच्याही लक्षणांत सुधारणा दिसली. एक गट खाली आणतो, दुसरा वर नेतो आणि दोन्हीकडची माणसं सुधारतात. याचं सरळ स्पष्टीकरण देता येतं. अमिग्डला नुसती भीतीची गाठ नाही, सुखद गोष्टींनाही ती प्रतिसाद देते, तेव्हा हे दोन वेगळे रस्ते असू शकतील. पण दुसरं स्पष्टीकरणही तितकंच सरळ आहे. पारा कुठे जातो याला फारसं महत्त्व नसेल. कुणीतरी आस्थेने तासन्‌तास आपल्यासाठी खपतंय आणि आपण मन एकाग्र करून काही साधतोय, एवढ्यानेच फरक पडत असेल.

यातलं खरं कुठलं, हे ओळखण्याचा मार्ग एकच. काही जणांना स्वतःच्या मेंदूचा पारा दाखवायचा, काहींना दुसऱ्याच कुणाचा, आणि कुणाला कुठला ते पेशंटलाही कळू द्यायचं नाही आणि तपासणाऱ्यालाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हे केलं गेलं. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. १४ जणांना खरा फीडबॅक, ११ जणांना नकली. प्रत्येकाला त्याच्याच आघाताचं वर्णन ऐकवून मग अमिग्डला शांत करायचा सराव दिला. तीस दिवसांनी पाहिलं तर खरा फीडबॅक मिळालेल्यांचा अमिग्डलावरचा ताबा नकलीवाल्यांपेक्षा स्पष्टपणे वाढला होता. म्हणजे यंत्र जे शिकवतो म्हणतं ते खरंच शिकवतं. पण लक्षणं? ती दोन्ही गटांत कमी झाली आणि दोन गटांत ठरवून सांगता येईल असा फरक निघाला नाही.

हे वाक्य तुम्ही दोनदा वाचावं अशी माझी विनंती आहे. मेंदू बदलला आणि माणसाचा त्रास नकली उपचाराइतकाच कमी झाला. पंचवीस माणसांच्या अभ्यासातून कायमचा निकाल लागत नाही हे मान्य. मोठ्या चाचणीत फरक दिसेलही. पण त्या लाल-निळ्या जोडचित्राचा दावा असा असतो की चित्र बदललं म्हणजे माणूस बरा झाला. नेमका तोच सांधा या अभ्यासात निखळलेला आहे.

"पेशंटला बरं वाटतं ना, मग नकली का असेना," असं तुमच्यातले काही खासगीत म्हणतात. मग पैसे कशाचे घ्यायचे तेही त्याच हिशेबाने ठरवा. गुण जर आस्थेचा, नियमित भेटीचा आणि शांत बसायच्या सरावाचा असेल तर बिल यंत्राचं का? लक्ष न टिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा धडा गिरवून झाला आहे. ईईजी न्यूरोफीडबॅकच्या, येलसारख्याच दुहेरी-अंध चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली अमेरिकेतून आले. खरा आणि नकली, दोन्ही गटांतली मुलं सुधारली आणि त्यांच्यात फरक सापडला नाही. आपल्याकडच्या जाहिरातींवर त्याचा परिणाम झाल्याचं मला तरी दिसलं नाही.

आता ती मधली तिसरी गोष्ट. तेल अवीवमधल्या ताल्मा हेंडलर यांच्या गटाने अशी शक्कल काढली की आधी ईईजी आणि एफएमआरआय एकदमच घ्यायचे, अमिग्डला पेटते तेव्हा लहरींत कुठला ठसा उमटतो ते शोधायचं आणि पुढे नुसत्या टोपीवर काम भागवायचं. बोगदा नको, ठणठणाट नको. त्यांच्या पडद्यावर पारा नसून दवाखान्याची वेटिंग रूम असते. माणसं काउंटरवर गर्दी करून आरडाओरडा करत असतात आणि पेशंटचा संकेत उतरू लागला की एकेक जण गप होऊन जागेवर बसतो. (आपल्या सरकारी ओपीडीत हे जमलं तर नोबेल द्यायला हरकत नाही.) याच पद्धतीवरच्या प्रिझम नावाच्या उपकरणाला एफडीए या अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेने मार्च २०२३ मध्ये पीटीएसडीसाठी, इतर उपचारांच्या जोडीला म्हणून, वाट मोकळी करून दिली. त्याच्या बहुकेंद्री अभ्यासात ७९ जण होते आणि तीन महिन्यांनंतरही सुमारे दोन-तृतीयांश लोकांत दखल घेण्याजोगी सुधारणा टिकली होती. आकडा चांगला आहे. फक्त तुलनेला नकली गट नव्हता, आणि नकली गटात काय होऊ शकतं ते येलच्या अभ्यासात आपण पाहिलं. शिवाय एफडीएची ही परवानगी, आधीपासून बाजारात असलेल्या उपकरणाशी मिळतंजुळतं असल्याच्या आधारावर मिळणारी आहे. नव्या औषधाला ज्या कसोटीतून जावं लागतं तशी ती नव्हे. 'एफडीए-मान्य' एवढंच छापून वाचणाऱ्याचा जो समज होतो तो तुम्ही दूर करत नाही.

अमेरिकेचं संरक्षण खातं आणि माजी सैनिकांचं खातं पीटीएसडीवर जगात कुणी केला नसेल एवढा खर्च करत असतील. त्यांच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत न्यूरोफीडबॅकबद्दल लिहिलं आहे की बाजूने वा विरोधात शिफारस करण्याइतका पुरावा नाही. तीच मार्गदर्शिका आघातावर केंद्रित मानसोपचारांची, म्हणजे प्रोलाँग्ड एक्स्पोजर (घटना पुन्हा पुन्हा सांगणं), सीपीटी (घटनेतून घट्ट झालेल्या समजुती तपासणं) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या जोडीने आठवणीवर काम करणं) यांची ठाम शिफारस करते.

आणखी एक गोष्ट मानसोपचारतज्ज्ञांना खास सांगायची आहे, कारण ती केंद्रचालकांना माहीत असेलच असं नाही. पीटीएसडीचे सगळे पेशंट पेटलेले नसतात. काही विझलेले असतात. आठवण आली की त्यांचं अंग बधिर होतं, आवाज लांबून येतात, स्वतःलाच बाहेरून पाहिल्यासारखं वाटतं. लहानपणापासून अत्याचार सोसलेल्यांत हे खूप दिसतं. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात २०१३ पासून याचा वेगळा उपप्रकार नोंदलेला आहे आणि त्यामागचं बरंच काम लेनियस यांच्याच गटाचं आहे. अशा माणसाचा लगाम ढिला नसतो, उलट गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो. त्याला 'अमिग्डला आणखी शांत कर' असं शिकवणं कितपत शहाणपणाचं? ज्या केंद्रात तासभराची नीट मुलाखत न घेता टोपी चढते तिथे हा फरक ओळखणार कोण?

तुमच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं अजून मांडलेलं नाही. गंमत म्हणजे ते तुमच्या एकाही जाहिरातीत नसतं. इथे बोलावं लागत नाही.

आघातावर बोलून इलाज करणाऱ्यांना, म्हणजे मला, याची किंमत माहीत आहे. प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये पेशंटने डोळे मिटून ती घटना वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगायची असते. हा उपचार परिणामकारक आहे आणि तो अर्ध्यावर सोडणारेही पुष्कळ आहेत. नवऱ्याला, सासूला न सांगता आलेली बाई, जिला 'घडलं ते सांगा' म्हटल्यावर दाराकडे बघावंसं वाटतं. निवृत्त सुभेदार, ज्याच्या मते रडगाणं गाणं हे वर्दीला शोभत नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं जिवाला मुकतात. त्यात रूळ ओलांडताना गाडीखाली गेलेल्या प्रत्येकाच्या वेळी केबिनमध्ये एक मोटरमन बसलेला असतो. ब्रेक लावला तरी गाडी वेळेत थांबणार नाही हे त्याला त्या क्षणी कळलेलं असतं, आणि नंतर गाडी पुढेही न्यायची असते. असा माणूस बोलायला येतो तेव्हा बरेचदा झोपेची गोळी मागायला येतो. त्याला 'बोलू नका, फक्त या पडद्यावरची माणसं खाली बसवा' असं सांगता आलं तर तो कदाचित दुसऱ्यांदाही येईल. आणि दुसऱ्यांदा येणं हेच आमच्या धंद्यात निम्मं काम असतं. तेव्हा हे म्हणणं मी हलक्यावारी घेत नाही.

फक्त ते पूर्ण खरं नाही. कॅनडातल्या आणि येलच्या प्रयोगांत आघाताचे शब्द, आघाताचं वर्णन वापरलं होतं आणि ते लिहून घेण्यासाठी पेशंटला आधी बोलावंच लागलं. न बोलता होणारा प्रकार तेल अवीवच्या पद्धतीचा, जिच्या पीटीएसडीवरच्या मोठ्या अभ्यासात नकली गट नाही. दुसरं असं की न बोलायची सोय आमच्याकडेही आहे. सीपीटीत घटनेचं बारकाईने वर्णन न करता, 'माझ्यामुळेच झालं', 'आता कुणाचाच भरवसा नाही' अशा घट्ट झालेल्या समजुतींवर काम करता येतं. काँगोमध्ये लैंगिक हिंसाचारातून वाचलेल्या स्त्रियांसाठी हीच पद्धत गटात वापरली. चालवणाऱ्या स्थानिक सहायिका होत्या, शिक्षण बेताचं, मानसशास्त्राची पदवी नाही. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ते निष्कर्ष आले. नुसता व्यक्तिगत आधार मिळालेल्या गावांपेक्षा या गावांतल्या बायकांचा त्रास कितीतरी जास्त कमी झाला आणि सहा महिन्यांनंतरही फरक टिकला.

हे वाचून मला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पत्रे आले, घरं आली, पुनर्वसनाची गावं वसली. मनाचा इलाज जाणणारे थोडे होते आणि ते थोडे दिवस राहिले. माळीणला २०१४ मध्ये दरड आली, इर्शाळवाडीत २०२३ मध्ये. या वस्त्यांना थ्री-टेस्लाचं एमआरआय यंत्र काय कामाचं? तालुक्याच्या ठिकाणी सीपीटी जाणणारी एक नर्स असती तर केवढं झालं असतं.

चित्रांची भुरळ आपल्या राज्याला नवी नाही. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात दोषी ठरवताना मेंदूच्या विद्युत लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला होता आणि जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी कपाळाला हात लावला होता. २०१० च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या सक्तीने करायला मनाई केली. त्याच सुमाराला अमेरिकेत क्रेग बेनेट यांनी एक मेलेला सामन मासा एफएमआरआयमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले होते, आणि आकडेमोडीत हवी ती काळजी न घेतल्यास त्या माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसते हे दाखवून दिलं होतं. तुमच्या लाल-निळ्या चित्रांत काळजी घेतली होती का, हे मी कुणालाच विचारलेलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

तर माझं मागणं. ती जोडचित्रं उतरवा. ज्या पेशंटला आघातावरचा कुठलाही सिद्ध मानसोपचार आजवर मिळालेलाच नाही त्याला पॅकेज विकू नका. आधी त्याला तो उपचार कुठे मिळेल ते सांगा, मग तुमच्याकडे येवो. विमा कंपन्यांशी भांडायचं तर त्यासाठी भांडा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा मिळायला हवा, तरी ओपीडीतल्या थेरपीचे पैसे बहुतेक पॉलिसी देत नाहीत. तुमच्या संघटनांचं वजन तिथे पडू द्या.

आणि यंत्र आणायचंच असेल तर चाचणी म्हणून आणा. सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदवून, एथिक्स कमिटीकडून मंजूर करून, नकली गटासह, आणि लक्षणं मोजणाऱ्याला कुणाला काय मिळालं ते कळू न देता. प्रत्येक पेशंट पेटलेला की विझलेला हे आधी नोंदवून. चाचणीचा खर्च पेशंटवर टाकायचा नाही हे आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतितत्त्वांत आहेच. स्वमग्न मुलांच्या आईबापांना स्टेम सेलचे इंजेक्शन विकले गेले तेव्हा 'आम्ही संशोधनच करतोय' असं सांगितलं जायचं आणि पावती मात्र उपचाराची फाडली जायची. तसलं संशोधन नको. नकली गटातल्यांना अभ्यास संपल्यावर खरा फीडबॅक किंवा सीपीटी, जे हवं ते फुकट द्या, म्हणजे राजी होणारेही मिळतील.

असा आराखडा कुणी आखत असेल तर मी बिनमोबदला काम करायला तयार आहे. मुलाखती घेईन, मराठीतल्या प्रश्नावल्या तपासून देईन आणि माझ्याकडचे जे कुणी स्वखुशीने तयार होतील त्यांना घेऊन येईन. एकच गोष्ट आतापासून धरून चाला. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात बॉम्बस्फोटातले छर्रे अजून आहेत, त्यांना एमआरआयच्या खोलीत नेता येणार नाही. त्यांच्यासाठी टोपीचीच सोय करावी लागेल.

आपली,
एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट
पुणे